कवटी आणि कफनी

कपड्यावर टीकालेख लिहिता येतो काय? संपादकांनी हा प्रश्न मला विचारला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. पण वाचकांच्या मनात तो आल्यावाचून राहणार नाही. कादंबरीवर टीका होते, नाटकावर होते, चित्रप्रदर्शनावर होते. पाठीवर कवटी रंगवलेल्या जाकिटावर टीका करावयाची, आणि तीही दिवाळी अंकात, म्हणजे फराळाच्या ताटात खिळे वाढण्यासारखे आहे असे एखाद्या गृहिणीला वाटले तर मी तिला दोष देणार नाही. तथापि माझे म्हणणे असे, की जी वस्तू कोणी निवडीने आणि श्रमाने घडवली आहे, आणि चार लोकांनी पाहावी म्हणून मिरवली आहे, तिच्याविषयी बरेवाईट बोलण्याचा अधिकार पाहणाऱ्याला आपोआप मिळतो. शेजारणीच्या रांगोळीला नावे ठेवताना आपण कोठे परवानगी घेतो?

हेवी मेटल हे संगीत काय आहे, ते आधी सांगितले पाहिजे. कारण पुष्कळ वडीलधाऱ्यांना ते 'खोलीचे दार लावून ऐकण्याचे काहीतरी' एवढेच ठाऊक असते. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथील कामगारवस्तीतल्या चार तरुणांच्या 'ब्लॅक सॅबथ' या मेळ्याची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली, आणि या संगीताची पत्रिका बहुतेक जाणकार तेथूनच मांडतात. (बँड म्हटले की आपल्याकडे वरात डोळ्यांपुढे येते, म्हणून मी मेळा म्हणतो.) त्यांतला गिटार वाजवणारा टोनी आयोमी पूर्वी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले आणि पुन्हा वाजवू लागला. पुढे त्याने तारा सैल सोडल्या. आवाज खाली उतरला, जड झाला. या संगीताचा जो भार आहे, त्याच्या मुळाशी एका जखमी कामगाराने घरच्या घरी केलेली ही दोन टोपणे आहेत. हे मी मुद्दाम सांगतो. कारण पुढे ज्या कपड्यांविषयी बोलावयाचे आहे, त्यांचे गोत्र हेच आहे. हवी ती वस्तू बाजारात मिळत नाही, तेव्हा ती हाताने करावयाची.

कपड्यांवर अशी चित्रे काढण्याची रीत मात्र संगीताहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक आपल्या चामडी जाकिटाच्या पाठीवर विमानाचे नाव रंगवून घेत, एखादे चित्र काढून घेत, आणि जितके हल्ले केले तितके लहान लहान बाँब ओळीने मांडून ठेवीत. युद्ध संपल्यावर मोटारसायकलस्वारांच्या टोळ्यांनी ती तऱ्हा उचलली, आणि त्यांच्याकडून ती या संगीताच्या शौकिनांकडे आली. जाड्या जीनच्या कापडाचे जाकीट घ्यावयाचे, त्याच्या बाह्या पुष्कळदा कापून टाकावयाच्या, आणि त्यावर आवडत्या मेळ्यांची नावे व चिन्हे रंगवावयाची किंवा त्यांचे तुकडे शिवावयाचे. जर्मन शौकीन अशा जाकिटाला 'कुटे' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ मठातल्या ख्रिस्ती साधूचा झगा, म्हणजे आपल्याकडची कफनीच! ती धुवू नये असाही पुष्कळांचा दंडक आहे. तेथे मात्र आमच्याकडचा कोणताही बैरागी त्यांना आपले शिष्यत्व देईल.

त्या देशात तरी सारे विकत मिळत होते असे नाही. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वायव्य लंडनमधल्या किंग्सबरी भागातल्या एका दारूगुत्त्याच्या दिवाणखान्यात नील के नावाचा माणूस हेवी मेटलच्या तबकड्या लावीत असे. तेथे येणारी पोरे घरून फळ्या कापून, त्यांना गिटारचा आकार देऊन आणीत आणि तबकडीबरोबर त्या फळ्या वाजवल्याचा आविर्भाव करीत. न वाजणारे वाद्य हातात घेऊन एवढे रंगून जाणे हास्यास्पद खरेच. पण गोकुळाष्टमीला आमच्या वर्गातली पोरे पुठ्ठ्याची बासरी ओठांशी धरतात, तेव्हा आपण हसतो थोडेच!

आपल्याकडे ही टंचाई अधिक होती. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' या नावाने तरुणांचे मेळे एकत्र येऊ लागले. धोबीतलावाजवळचे रंगभवन हे या मंडळींचे पंढरपूर झाले. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळे ते उघडे नाट्यगृह या संगीताला बंद झाले. त्या काळात परदेशी मेळ्याच्या नावाचा अस्सल सदरा मिळावयाचा तर कोणाचा तरी काका परदेशी असावा लागे. काका नसणाऱ्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी कापडाचे रंग होते. ज्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई करण्यापासून आरंभ केला, त्यांच्या कॅमलच्या रंगपेट्या महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गेल्या. उशीच्या अभ्र्यावर गुलाब काढण्यासाठी बहिणीने आणलेल्या कापडी रंगाच्या बाटल्यांतला काळा आणि तांबडा अचानक संपू लागला, की घरात एक मेटलवाला निपजला आहे असे समजावे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग धाग्यात शिरत नाही. कापडाच्या आत पुठ्ठा किंवा पाट घालून ते ताणावे लागते. काळ्या कापडावर रंग बुडतो, म्हणून प्रथम पांढऱ्याचा हात द्यावा लागतो. तो वाळल्यावर वरचे रंग. थर जाड झाला तर घडीवर तडकतो, पातळ झाला तर फुटतो. सारे वाळले, की उलट्या बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्का करावयाचा. चित्रकाराचा कागद टेबलावर निमूट पडून असतो. या चित्रकाराचा कागद उद्या बसमध्ये बसणार, घामेजणार, खांद्यावर दुमडणार आहे. ज्याने हे ध्यानात घेतले नाही त्याचे चित्र पहिल्या पावसात निकालात निघते.

आता टीकेकडे वळू. या चित्रांवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की हे सारे बीभत्स आहे. कवट्या, सांगाडे, राक्षस यांखेरीज या मंडळींना दुसरे काही सुचत नाही. दुसरा असा, की हे सारे उसने आहे. दुसऱ्याचे चित्र पाहून काढले, त्यात कला ती कसली?

पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यावयास मला दूर जावे लागत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि बीभत्स या दोघांना पंक्तीत मानाचे पान दिले. हिरण्यकशिपूची आतडी बाहेर काढणारा नरसिंह आपण देवळात बसवला आहे. कालीच्या गळ्यातली मुंडमाला कोणी झाकून ठेवीत नाही. मरीआईचा पोतराज रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा लेवून अंगावर कोरड्याचे फटके मारीत दारात येतो, तेव्हा आम्ही लहानपणी आईच्या पदरामागे लपत होतो. पण लपून पाहत होतोच! आणि दिवाळीच्या लेखात तर हे विसरूच नये: नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळ करून आपण पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतो, तो नरकासुरच की नाही? गोव्यात तर त्या रात्री तरुण पोरे कागदाचे आणि गवताचे प्रचंड नरकासुर उभे करतात, दिवसचे दिवस खपून त्यांचे सुळे आणि डोळे रंगवतात, मोठमोठ्याने गाणी लावून ते मिरवतात आणि पहाटेपूर्वी जाळतात. भीतीला हाताने आकार दिला, की ती निम्मी कमी होते, हे शहाणपण आपल्या सणातच आहे. तेव्हा कवटी काढली म्हणून कोणी वाया गेला असे होत नाही. प्रश्न कवटी चांगली काढली काय, एवढाच उरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. इंग्लंडच्या 'आयर्न मेडन' या मेळ्याच्या १९८० सालच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर डेरेक रिग्ज या चित्रकाराने काढलेला एडी नावाचा एक विक्राळ प्राणी आहे. हा मेळा १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेला. त्याच्या आधी आणि नंतर महाराष्ट्रात किती पाठींवर एडी उमटला असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही. हे सारे एडी नकलाच आहेत. पण नक्कल म्हणजे सरसकट हलके काम, हे मला मान्य नाही. पूर्वी पोथ्या हातांनी उतरवल्या जात. उतरवून घेणारा शब्द दुसऱ्याचेच लिहीत असे, तरी त्याच्या अक्षराच्या वळणात त्याची भक्ती आणि त्याचा कंटाळा दोन्ही दिसतात. गोंदणाचे ठिपके साऱ्या गावाचे सारखेच, पण प्रत्येकीच्या हातावरचे गोंदण तिचेच असते. गोधडीतले तुकडेही परक्या गिरणीत विणलेले असतात. कोणत्या लुगड्याचा तुकडा मधोमध आणि कोणता कडेला, हे ठरवणारी मात्र घरची बाई असते. शौकिनाच्या जाकिटावर कोणता मेळा पाठीच्या मध्यावर आला, कोणता खिशावर गेला आणि कोणाला जागाच मिळाली नाही, हे पाहिले की त्याची सारी अभिरुची वाचता येते. एका अर्थी असे जाकीट म्हणजे पाठीवर घातलेला टीकालेखच होय! म्हणून मी नकलेला दोष देत नाही. नक्कल करता करता हात स्वतःचे काही बोलू लागतो काय, हे मी पाहतो.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथात लयीची तीन तत्त्वे मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले; तो ग्रंथ मी वाचनालयातून आणून, शाळेच्या सुट्टीत, तीनदा वाचून जेवढा कळला तेवढा घेतला. पण ही तीन तत्त्वे एवढी कामाची आहेत, की पंडितांनी त्यांचा उपयोग केवळ कवितेवर करावा आणि जाकिटाला वंचित ठेवावे, हे बरे नव्हे. गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेल्या तीन वस्त्रांना मी ती लावून पाहतो.

पहिले जाकीट सांगलीतल्या एका सधन तरुणाचे. पाठभर एडी, आणि काय सफाईने काढलेला! स्नायूंच्या छाया, दातांवरची चमक, सारे मूळ चित्राबरहुकूम. चौकशी करता कळले, की ते पैसे देऊन एका व्यावसायिक चित्रकाराकडून करवून घेतले होते. चित्रकाराने तो मेळा ऐकलेला नव्हता. मालकाला रंगाचा डबा उघडता येत नव्हता. त्यात लबाडी काही नाही. पण चित्रात संवाद आहे आणि विरोध नाही. मुळाशी कोठेही भांडण झालेले नाही. उसने घेतलेले परत करताना कुंचल्याने एकही प्रश्न विचारला नाही. घरात लावलेले उत्तम कॅलेंडर जसे असते, तसे ते जाकीट आहे.

दुसरे वस्त्र जाकीट नव्हे, कुर्ता आहे. आणि तो करणारी मिरजेत शिकणारी एक मुलगी आहे. या संगीताची जी अधिक काळी उपशाखा आहे, तिच्यातले मेळे आपली नावे अशा अक्षरांत लिहितात की ती वाचताच येऊ नयेत. झाडाची मुळे एकमेकांत गुंतावीत, तशी ती अक्षरे दिसतात. आणि डावी बाजू उजवीचे आरशातले रूप असते. क्रिस्तोफ श्पायडेल नावाचा मूळ बेल्जियमचा चित्रकार अशी नावे पेन्सिलीने काढण्याबद्दल जगभर प्रसिद्ध आहे. या मुलीने पांढऱ्या सुती कुर्त्याच्या गळ्याखाली अशाच तीन मेळ्यांची नावे काळ्या रंगात काढली. कागद मधोमध दुमडून अर्धे नाव काढावयाचे आणि उरलेले अर्धे त्यावरून उमटवावयाचे, ही तिची युक्ती. शाळेत शाईचे फुलपाखरू करतात तीच. हा कुर्ता घालून ती एका बारशाला गेली, तेव्हा साऱ्या मावश्यांनी 'वेलबुट्टी फार नाजूक आहे हो,' म्हणून कौतुक केले. स्मशान आणि अंधार यांवर गाणाऱ्या मेळ्यांची नावे पाळण्याभोवती फिरली आणि कोणाला कळले नाही. येथे विरोधलय आहे, आणि ती मिस्किल आहे. चित्र म्हणूनही काम पक्के आहे. पांढऱ्या मोकळ्या जागेचा उपयोग पुष्कळ चित्रकारांना साधत नाही, तो तिला साधला आहे. उणीव एवढीच, की गंमत एकदा कळली की संपते. दुसऱ्यांदा पाहताना तो केवळ सुंदर कुर्ता उरतो.

अक्षरांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगतो. 'मोटरहेड' हा मेळा १९७५ चा. त्याच्या इंग्रजी नावातल्या एका अक्षरावर दोन टिंबे आहेत, आणि त्यांचा उच्चाराशी काही संबंध नाही. दिसावयास बरी दिसतात म्हणून दिली आहेत. आमच्या मराठीत १९६२ च्या नियमांनी असलेच न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ते नियम करणारी मंडळी 'मोटरहेड'ला भेटली असती, तर त्यांनी ती दोन्ही टिंबे निश्चित पुसून घेतली असती!

तिसरे जाकीट आमच्या जतेतले आहे, आणि हा लेख खरे म्हणजे त्याच्यासाठी लिहिला. ते करणारा माझा जुना विद्यार्थी. बाप धनगर, मेंढरे राखतो; पोरगा आता पुण्याजवळच्या एका कारखान्यात पाळ्यांवर काम करतो. हे संगीत त्याला मोबाइलवर भेटले. जतेत असला जलसा कधी व्हावयाचा नाही. मुंबई म्हणजे एस.टी.ची सारी रात्र. आठवडेबाजारातून घेतलेले जुने जीनचे जाकीट आणि स्टेशनरीच्या दुकानातले कापडी रंग, एवढे त्याचे भांडवल.

त्याने आवडत्या मेळ्यांची नावे छातीवर, खिशांच्या वर, लहान अक्षरांत काढली आहेत. 'ब्लॅक सॅबथ' आहे, 'आयर्न मेडन' आहे, आणि 'भयानक मौत' हा मुंबईचा मेळाही आहे. पाठीचा मधला भाग, जो रिवाजाने सर्वांत लाडक्या मेळ्याचा, तेथे त्याने कोणत्याही मेळ्याला जागा दिलेली नाही. तेथे मेंढराची कवटी आहे. खाली देवनागरीत दोनच अक्षरे: जत. शिरोरेखा म्हणजे बाभळीची वाळकी फांदी, आणि तिला बाभळीला असतात तसे जोडीजोडीने पांढरे काटे.

आमच्या तालुक्यातल्या माडग्याळची मेंढरे प्रसिद्ध आहेत. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब लोंबते कान, आणि पोपटाच्या चोचीसारखे बाक घेतलेले नाक. त्यांना शिंगे नसतात. आता मेटलच्या चित्रांत शिंगांचे केवढे माहात्म्य! सैतानाला शिंगे, बोकडाला शिंगे. श्रोतेसुद्धा दोन बोटे वर करून शिंगेच दाखवतात. कोणाही नकलाकाराने येथे दोन वळणदार शिंगे ठोकून दिली असती, आणि चित्र लगेच 'मेटल' झाले असते. या पोराने ती दिली नाहीत. नाकाच्या हाडाचा तो बाक मात्र इतका नेमका काढला आहे, की आमच्याकडचा कोणीही माणूस चित्र पाहताच 'माडग्याळी' म्हणेल. नक्कल येथे थांबली आणि हात बोलू लागला. शिंगांचा मोह टाळणे याला मी या जाकिटातले सर्वांत मोठे कलाकर्म समजतो.

बापाला मात्र ते पटलेले नाही. तो मला म्हणाला, "गुर्जी, मेंढरं आमी जगवायला पाळतो. ह्येनं मेल्यालं पाठीवर घेतलंय."

या जाकिटावर याहून मार्मिक टीका माझ्याने होणार नाही. ज्याच्या घराचे सारे वैभव चार पायांवर चालते, त्याला कवटी हे चिन्ह नसते; ते नुकसान असते. मी पोराला ही गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, २०१२-१३ च्या दुष्काळात आमची कोकरं मेली, तवा ती खड्ड्यापातूर कोण न्येत हुतं? मीच. बाला बघवत नव्हतं." त्या वेळी तो आमच्या शाळेत चौथीत होता.

येथे वाचकांचे डोळे पाणावतील, आणि ते पाणावले म्हणजे जाकीट श्रेष्ठ ठरले असे आपल्याला वाटू लागेल. टीकाकाराने येथेच सावध राहावे. दुःख खरे असले म्हणून चित्र चांगले होत नाही. आमच्या तालुक्यात खरे दुःख घरटी आहे आणि चांगली चित्रे बोटांवर मोजावीत एवढी. तेव्हा पोराचे दुष्काळाचे वर्ष बाजूला ठेवून मी पुन्हा रंगांकडे पाहतो. कवटी उत्तम. अक्षरे उत्तम; ज आणि त ही दोन्ही बिनकाना-बिनमात्र्याची अक्षरे एका फांदीला लोंबकळताना समतोल साधतो, आणि काट्यांच्या जोड्यांनी त्याला ताल येतो. पण कवटीच्या मागे त्याने तांबड्या-पिवळ्या ज्वाळा पेटवल्या आहेत, त्या सर्वस्वी तबकडीच्या वेष्टनावरच्या आहेत. आमच्या दुष्काळाला ज्वाळा नसतात. त्याला पांढरे, रिकामे, डोळ्यांत खुपणारे आभाळ असते. कापडाचा मूळ विटका निळा रंगच तेथे मोकळा सोडला असता, तर विरोधलयीचे सारे बळ त्या कवटीला मिळाले असते. शिवाय ज्वाळांचा थर जाड झाल्याने तो उजव्या खांद्याखाली तडकला आहे. ज्या जागी हात उसना होता, नेमक्या त्याच जागी रंगही टिकला नाही!

आपल्या भूमीची चिन्हे या परक्या संगीतात घालणारे जगात आणखीही आहेत. आफ्रिकेत बोट्स्वाना नावाचा गुराढोरांवर जगणारा देश आहे. तेथील मेटलचे शौकीन डोक्यावर गुराख्यांच्या टोप्या आणि अंगभर चामडे घालून उन्हात हिंडतात. फ्रँक मार्शल या छायाचित्रकाराने काढलेली त्यांची चित्रे जगभर पाहिली गेली. त्या पोशाखात बर्मिंगहॅम जेवढे आहे तेवढाच गुरांचा गोठाही आहे. मुंबईच्या 'स्क्राइब' या मेळ्याने २०१० आणि २०१४ च्या तबकड्यांच्या नावांत तेजा आणि मोगँबो हे हिंदी चित्रपटांतले खलनायक आणून बसवले, तेही याच जातीचे काम. उसने वस्त्र आपल्या अंगाला बसावयाचे तर कोठेतरी उसवून पुन्हा शिवावे लागते.

आज हे सारे कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. टंचाई तर संपली. मोठ्या शहरांतल्या झगमगत्या दुकानांत मेळ्यांची नावे छापलेले सदरे ढिगाने मिळतात. ते घालणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या मेळ्याचे एकही गाणे ऐकलेले नसते. हवे ते चित्र यंत्रावर छापून घरपोच येते, आणि अलीकडे तर चित्र काढण्याचे श्रमही यंत्रच घेते. आकाशकंदिलाचे तेच झाले. कामट्या तासून, खळ लावून, रंगीत कागद चिकटवून केलेला कंदील वाकडा होई. विकतचा सरळ असतो. सरळ कंदील लावणाऱ्यांवर माझा राग नाही. घरात माणसे कामावर जाणारी असतात, वेळ कोणाला आहे? पण ज्या घरात वाकडा कंदील होतो, तेथे पोराला एक गोष्ट कळलेली असते, की आपण न केलेली वस्तू आपल्याला आवडू शकते, पण तिच्यात आपल्याला शिंगे नाकारता येत नाहीत. छापून आलेल्या चित्रात निवड फक्त घेण्याची आणि न घेण्याची. हाताने काढताना निवड प्रत्येक रेघेला करावी लागते, आणि त्या निवडींतूनच माणसाला स्वतःची अभिरुची सापडते.

म्हणून पालकांना माझे सांगणे एवढेच. घरातला मुलगा किंवा मुलगी कापडावर कवटी रंगवीत बसली असेल, तर ती कवटी कशाची आहे हे आधी विचारा. उत्तर परक्या तबकडीवर बोट ठेवून आले, तर काही बिघडले नाही. शिकण्याचा आरंभ असाच होतो. उत्तर द्यावयास ते मूल थोडे थांबले, तर तुम्हीही थोडे थांबा.

माझ्या विद्यार्थ्याला मी ज्वाळांविषयीचे मत कळवले आहे. त्याने ते मुकाट्याने ऐकले. मान्य केले की नाही, ते दिसले नाही. नव्या जाकिटासाठी कापड घेतले आहे, एवढे मात्र म्हणाला. बापाने ते पाहिले आणि विचारले, "ह्यावर तरी जित्तं काडशील का?" पोरगा हसला. माडग्याळचा जिवंत मेंढा, त्या बाकदार नाकासकट आणि लोंबत्या कानांसकट, मेटलच्या जाकिटावर कसा दिसेल, हे मला ठाऊक नाही. तो काढणे कवटीहून पुष्कळच अवघड आहे, आणि तो साधला तर त्याच्यावर मी पुन्हा लिहीन.